पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये

१९८७ च्या पावसाळ्यात कार्यालयातल्या एका मित्राने मला साठ मिनिटांची एक कॅसेट दिली. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ती गाजलेली जॅझ रेकॉर्ड होती, पण खोक्यातल्या कागदावर पेन्सिलीने ‘माइल्स – काइंड ऑफ ब्लू’ एवढेच लिहिलेले होते आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात, ‘परत करू नकोस, पुढे कुणाला तरी दे’ अशी सूचना होती. सूचनेचा दुसरा अर्धा भाग मी आजवर पाळलेला नाही. त्या कॅसेटच्या प्रती मी दहा-बारा जणांना काढून दिल्या असतील, पण मूळ कॅसेट अजून माझ्याच कपाटात आहे, आणि ती का आहे हे शेवटी सांगतो.

पहिल्या बाजूवरचे पहिले वादन म्हणजे ‘सो व्हॉट’. पियानो आणि डबल बेस यांची दबकी कुजबूज, मग बेसने टाकलेली एक ओळ आणि तिला बाकीच्यांनी दिलेला दोन स्वरांचा हुंकार. पुढे माइल्स यांचा ट्रम्पेट येतो, त्याच्यानंतर सॅक्सोफोन. हा सॅक्सोफोन आरंभी अस्वस्थ असतो, एकाच स्वरसमूहाला चारही बाजूंनी हात लावून पाहतो, आणि मग एकाएकी त्याचा स्वभाव पालटून तो मोकळाढाकळा, हसतमुख होतो. एकाच वादकाने एका बैठकीत दोन वृत्ती कशा दाखवल्या याचे मी जवळजवळ दोन वर्षे कौतुक करत होतो आणि दुसऱ्यांनाही ते ऐकवत होतो. नंतर एकाकडे मूळ रेकॉर्डचे वेष्टन पाहायला मिळाले तेव्हा कळले की ते दोन वेगळे वादक आहेत: आधीचा टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेन यांचा आणि नंतरचा ऑल्टो कॅननबॉल ॲडर्ली यांचा. पियानोही सगळीकडे एकाचाच नाही. बाकी सर्वत्र बिल एव्हान्स आहेत, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका वादनापुरते विंटन केली बसलेले आहेत. चार नावे त्या कागदावर उतरवायला माझ्या मित्राला दोन मिनिटे लागली असती.

दुसरी गोष्ट माझ्या काकांमुळे लक्षात आली. काका भजनाला हार्मोनियमची साथ करत. जॅझ त्यांना आवडण्याचे काहीच कारण नव्हते, पण कान तयार असल्यामुळे समोर वाजणारे सोडून देणे त्यांना जमत नसे. ‘सो व्हॉट’ दोनदा ऐकल्यावर ते म्हणाले, “अरे, हा तर काफी थाट आहे. मध्येच सगळे मिळून सा अर्धा स्वर वर ढकलतात आणि परत जागेवर येतात, एवढंच.” हे त्यांचे निरीक्षण इतके नेमके आहे की त्या रचनेविषयी पुढे मी जे काही इंग्रजीत वाचले त्यात याहून नवे फारसे निघाले नाही. मग त्यांनी पेटी पुढे ओढली आणि सूर लावायला गेले, तर सूर लागेना. “हे पांढरी दोनमध्ये बसत नाही आणि काळी दोनमध्येही बसत नाही. तुझं हे यंत्र पळतंय.” (पांढरी दोन आणि काळी दोन म्हणजे पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्या.)

यंत्र दुरुस्तीला नेले. कारागिराने हेड स्पिरिटने पुसले, रबरी पट्टा बदलला आणि वेग तपासून दिला. कॅसेट तशीच वाजली. तेव्हा काकांनी दुसरी बाजू लावायला सांगितली. ‘ऑल ब्लूज’ सुरू झाले आणि त्यांचे बोट थेट पांढरी पाचवर जाऊन स्थिरावले. जराही फरक नव्हता. म्हणजे यंत्र ठीक होते, कॅसेटची एक बाजू ठीक होती, आणि फक्त पहिल्या बाजूचे संगीत पेटीच्या कुठल्याच पट्टीत नव्हते. “वाजवणाऱ्यांनीच तसं लावलं असेल,” असे म्हणून काकांनी विषय संपवला. त्या चुकीच्या निष्कर्षावर मी अकरा वर्षे काढली.

खरे कारण १९९८ साली मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात घेतलेल्या सीडीच्या पुस्तिकेत सापडले. ‘काइंड ऑफ ब्लू’चे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवशी झाले, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी. पहिल्या दिवशीची तीन वादने रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर गेली. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होते. मुद्रणाच्या वेळी टेप हळू सरकली आणि नंतर योग्य वेगाच्या यंत्रावर वाजली, की संगीत मुळापेक्षा जलद होते आणि सूरही चढतो. सुदैवाने त्याच वेळी राखीव म्हणून दुसरे यंत्रही चालू होते आणि त्याचा वेग बरोबर होता. १९९२ च्या आवृत्तीत प्रथम ती राखीव टेप वापरली गेली आणि पहिली बाजू पांढरी दोनमध्ये आली. जगातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या जॅझ रेकॉर्डची एक बाजू तेहतीस वर्षे चढी वाजत होती, आणि सदाशिव पेठेतल्या एका भजनी पेटीवाल्याला ते पहिल्याच दिवशी कळले होते. ही बातमी सांगायला काका नव्हते, याची हळहळ अजून वाटते.

त्याच रेकॉर्डच्या सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन वादनांची नावेही उलटसुलट छापली गेली होती आणि वेष्टनावर ॲडर्ली यांच्या नावातले एक अक्षर गळले होते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत असेल, तर पेन्सिलीने कागद लिहिणाऱ्या माझ्या मित्राला दोष देणे शोभत नाही. तरीही रेकॉर्ड एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना संगीत बहुधा पोहोचते आणि माहिती गळते, हे मला तेव्हापासून सतत जाणवत आले आहे.

हिंदुस्थानी संगीताच्या खासगी मैफलींच्या टेपा ज्यांनी गोळा केल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मल्लिकार्जुन मन्सुरांचा एखादा नंद राग कुणाकडून मिळाला की पहिला प्रश्न ‘साथीला कोण?’ हाच असतो, दुसरा ‘कुठली बैठक?’ आणि तिसरा ‘साल?’. हे प्रश्न विचारणारा माणूस हौसेने माहिती गोळा करत असतो असे नाही. तबल्यावर कोण आहे हे कळल्याशिवाय गाणारा त्या जागी का थांबला हे नीट कळत नाही. जॅझमध्ये तर हे आणखीच खरे आहे, कारण तिथे साथ आणि मुख्य वादन यांच्यातली भिंत फार पातळ असते. एकच धून तेच वादक मंगळवारी आणि गुरुवारी वेगळी वाजवतात. तारीख काढून टाकली की दोन्ही वादने एकमेकांची नक्कल वाटू लागतात.

जॅझच्या संग्राहकांनी हे ओळखले ते १९३० च्या दशकात. तोवर ७८ गतीच्या तबकडीवर वाद्यवृंदाचे किंवा त्याच्या प्रमुखाचे नाव छापत, आणि तेही कधी कधी टोपणनाव असे. आतला क्लॅरिनेट कुणाचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या मुद्रणात कोण कोण बसले होते याची ती सूची होती, आणि अमेरिकेतल्या संगीताची अशी पहिली मोठी सूची युरोपात बसून झाली ही बाब मला गमतीची वाटते. घरातले लोक वही ठेवत नाहीत, पाहुणा ठेवतो. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर यांनी आपल्या कमोडोर या दुकानातून बंद पडलेल्या तबकड्या पुन्हा काढायला सुरुवात केली, आणि त्या तबकड्यांवर सगळ्या वादकांची नावे वाद्यांसकट छापली. गेबलर यांच्यामुळे तबकडीचा गोल कागद वाचण्याजोगा झाला.

या जगातला सर्वांत विलक्षण माणूस मात्र डीन बेनेडेटी. तो स्वतः ऑल्टो सॅक्सोफोन वाजवत असे आणि त्याच वाद्याचा उस्ताद असलेल्या चार्ली पार्करच्या वादनाने पुरता झपाटला होता. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबमध्ये पार्कर वाजवत असताना बेनेडेटी आपले तबकडी कोरणारे यंत्र घेऊन बसला, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या क्लबांतही त्याने मुद्रण केले. तबकड्या महाग आणि वेळ थोडा, म्हणून त्याने एक निर्णय घेतला: पार्कर वाजवायला लागला की यंत्र चालू, पार्कर थांबला की बंद. त्यामुळे आज ती मुद्रणे ऐकताना पार्कर झेप घेतो, ऐन भरात येतो आणि दुसऱ्या वादकाने श्वास भरताच सगळे तोडून टाकल्यासारखे संपते. शेकडो तुकडे असेच आहेत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला राग आला होता. गवयाच्या फक्त ताना कापून ठेवल्या आणि तबला, सारंगी, श्रोत्यांची दाद असे सगळे फेकून दिले, तर जे उरेल ते हे. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर वाटू लागले की हा विद्यार्थ्याचा गृहपाठ आहे आणि आपण चोरून त्याची वही वाचतो आहोत. वही वाचणाऱ्याने अपूर्ण वाक्यांची तक्रार करू नये.

बेनेडेटी १९५७ साली वारला आणि त्याच्या मुद्रणांची दंतकथा झाली. ती त्याच्या भावाकडे सुखरूप होती. मोझेक कंपनीने १९९० मध्ये सात सीडींचा संच काढला तेव्हा तुकड्यांना धून, जागा आणि तारीख लावण्याच्या कामामागे फिल शाप यांचे कष्ट होते. हेच शाप कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर चार दशके ‘बर्ड फ्लाइट’ हा केवळ पार्करला वाहिलेला कार्यक्रम करत होते. २०२१ मध्ये ते गेले. तीन मिनिटांच्या वादनाआधी वीस मिनिटे बोलणारा माणूस अशी त्यांची थट्टा होत असे, आणि ती अगदीच खोटी नव्हती. अमुक सत्र मंगळवारी झाले की बुधवारी, यावर ते असे बोलत जणू जमिनीच्या हद्दीचा दावा चालू आहे. मला स्वतःला त्यांचे बोलणे कधी कधी असह्य होई. तरीही शाप यांनी सांगितल्यानंतर वाजलेली धून मी जितकी लक्ष देऊन ऐकली, तितकी दुसऱ्या कुणाच्या परिचयानंतर ऐकल्याचे आठवत नाही.

बेनेडेटीच्या नेमका उलट माणूस म्हणजे बिल सेव्हरी. हे पेशाने ध्वनितंत्रज्ञ. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरून थेट प्रक्षेपित होणारे जॅझ त्यांनी मोठ्या आकाराच्या तबकड्यांवर उतरवून ठेवले. तबकडी मोठी असल्याचा परिणाम साधा पण फार महत्त्वाचा आहे. बाजारातल्या ७८ गतीच्या तबकडीवर तीनेक मिनिटांत सगळे आटपावे लागे, तर सेव्हरींच्या तबकड्यांवर वादक हवे तितके पुढे जातात. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांचे ‘बॉडी अँड सोल’ हे १९३९ चे स्टुडिओतले वादन जॅझ ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. सेव्हरींकडे त्याच धुनेचे १९४० चे थेट वादन होते आणि ते जवळजवळ दुप्पट लांबीचे आहे. ओळखीच्या ख्यालाची आणखी एक पूर्ण बढत सापडावी, तसे ते ऐकताना वाटते. सुमारे हजार तबकड्यांचा हा संग्रह सेव्हरींनी हयातभर कुणाला नीट ऐकू दिला नाही. हार्लेमच्या राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाचे लॉरेन शोनबर्ग वर्षानुवर्षे त्यांच्या मागे होते. २००४ मध्ये सेव्हरी वारले आणि २०१० मध्ये त्यांच्या मुलाकडून तबकड्या संग्रहालयाला मिळाल्या. तोवर काहींचा लेप सुटला होता आणि काही वाचवण्यापलीकडे गेल्या होत्या. अशी माणसे पुण्यातही आहेत. ‘तू मला अमक्याची मारवा दे, मग मी तुला तमक्याची तोडी देतो’ असा सौदा करणारे मी पाहिले आहेत, आणि टेप देताना मधली दोन मिनिटे मुद्दाम पुसून देणाराही एक भेटला. आपल्याजवळची प्रत एकमेव राहावी म्हणून त्याने तसे केले होते. बुरशी लागलेल्या टेपांचे तीन खोके मागे ठेवून तो गेला.

कुणी दडवून न ठेवताही वस्तू हरवते. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये एका समाजकेंद्राच्या मदतीसाठी मोठी मैफल झाली. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या चौकडीत तेव्हा कोल्ट्रेन होते. त्या दोघांनी एकत्र वाजवलेला काळ फार थोडा आणि त्याची मुद्रणे त्याहून थोडी, त्यामुळे ही जोडी म्हणजे ऐकलेल्यांनी न ऐकलेल्यांना सांगण्याची गोष्ट होऊन बसली होती. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या नभोवाणीने त्या रात्रीचे मुद्रण केले होते. ती टेप पुढे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात गेली आणि तिथे पडून राहिली. २००५ च्या आरंभी लॅरी ॲपलबॉम हे तिथले कर्मचारी जुन्या टेपांचे डिजिटल रूपांतर करत असताना त्यांना ‘कार्नेगी हॉल जॅझ १९५७’ असे लिहिलेली खोकी दिसली. त्यांतल्या एकाच्या मागे हाताने ‘टी. मंक’ आणि काही धुनांची नावे लिहिलेली होती. तेवढ्या अक्षरांमुळे अठ्ठेचाळीस वर्षांनी ती मैफल जगाला मिळाली. १९५७ मध्ये ते लिहिणाऱ्या अनाम माणसाचा मी ऋणी आहे. याच जोडीची फाइव्ह स्पॉट क्लबमधली घरगुती टेप १९९३ मध्ये निघाली होती, तेव्हा ती १९५७ ची म्हणून सांगितली गेली. नंतर ती सप्टेंबर १९५८ ची ठरली. वर्षभराच्या फरकाने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने कोल्ट्रेन यांची त्या वर्षातली वाढ ऐकावी.

आपल्याकडे तर चिठ्ठी लिहिण्याचाही प्रघात नव्हता. मी जॅझ पहिल्यांदा ऐकले ते कॅसेटच्या कितीतरी आधी, फक्त ते जॅझ आहे हे मला ठाऊक नव्हते. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी आमच्या घरी रेडिओवर लागत, आणि त्यांत ट्रम्पेट आला की आई हातातले काम थांबवी. अण्णांचे, म्हणजे सी. रामचंद्र यांचे, साहाय्यक होते गोव्यातल्या हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे मुंबईच्या हॉटेलांत नाव गाजवलेले चिक चॉकलेट. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्याच परंपरेतली मंडळी. तबकडीवर मात्र गायक आणि संगीतकार यांचीच नावे छापली जात. त्या वाद्यवृंदांत मागच्या रांगेत बसलेल्या कितीतरी गोंयकार वादकांचे सूर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आणि नावे दाराबाहेरच राहिली. आता ती शोधायची तर ऐकून ओळखणारे फारच थोडे उरले आहेत.

आम्ही सहा जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून ऐकतो. त्यांतले एक जण १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिल्या जॅझ यात्रेला हजर होते. सॉनी रोलिन्स यांना त्यांनी तिथे ऐकले, आणि दर दोन-तीन बैठकींनंतर ते आम्हांला ती रात्र पहिल्यापासून सांगतात. (रोलिन्स त्याच्या दहाएक वर्षे आधी पवईच्या आश्रमात येऊन राहून गेले होते, हेही ते प्रत्येक वेळी नव्याने सांगतात.) आमच्यात एक रीत आहे. ज्याने रेकॉर्ड आणली त्याने वाजवण्याआधी काहीही बोलायचे नाही, कारण मोठे नाव आधी कळले की कान लगेच मान डोलवू लागतो. ऐकून झाले, वाद झाले, की मग वादकांची नावे, जागा आणि तारीख सांगायची, आणि प्रत देताना ती फाइलच्या नावातच लिहून द्यायची. हे न लिहिता पाठवलेली फाइल आमच्या गटात परत पाठवली जाते. परवा मलाच एक परत आली.

ती त्याच कॅसेटमधली होती. ‘काइंड ऑफ ब्लू’ची दुसरी बाजू एकवीस मिनिटांची आहे, त्यामुळे कॅसेटच्या त्या बाजूवर नऊ मिनिटे उरतात. त्या नऊ मिनिटांत माझ्या मित्राने, जागा वाया जाऊ नये म्हणून, दुसरेच काहीतरी भरून ठेवले होते: पियानो, बेस आणि ब्रशने वाजवलेला ड्रम, एक संथ धून, मागे पेल्यांची किणकिण, आणि शेवटी टाळ्या सुरू होता होता टेप संपते. कागदावर त्याचा उल्लेखच नाही. मित्र परदेशी गेला आणि पुढे संपर्क राहिला नाही. बिल एव्हान्स असतील असे मला कित्येक वर्षे वाटत होते, पण डावा हात त्यांचा नाही. मोबाइलवरच्या धून ओळखणाऱ्या ॲपला विचारले तर त्याने तीन वेळा तीन वेगळी उत्तरे दिली. गटातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे आहे की ही टेप कुठल्यातरी प्रतीच्या प्रतीवरून आली असावी आणि वाटेत तिचा वेग बदलला असावा, म्हणून आधी मूळ पट्टी कळली पाहिजे. येत्या रविवारी ती कॅसेट आणि काकांची पेटी, दोन्ही घेऊन यायला तिने मला सांगितले आहे. पेटीचा भाता फाटलेला आहे, तो तेवढ्यात शिवून घ्यायचा आहे.